पिवळ्या खडूची खूण

वेलर्स फोर्ड, मिसूरी
१० एप्रिल १९९४

प्रिय हेझल,

स. न. वि. वि. लिहायचं म्हणून लिहिते. पत्र वाचून झाल्यावर माझा नमस्कार तू घेशील की नाही, कोण जाणे.

मंगळवारी सकाळी मी कोंबड्यांना दाणे टाकले, चादरी दोरीवर घातल्या आणि डेल्बर्टच्या दफनाच्या वेळी बायकांनी जेवण भरून आणून दिलेल्या भांड्यांतलं शेवटचं भांडं घासायला घेतलं. ऑक्टोबरातलं भांडं एप्रिलपर्यंत घरात ठेवते म्हणून तू मला बोलशील, बोल. बुडाला चिकटपट्टीवर नाव होतं, डब्ल्यू. स्ट्राउड. म्हणजे आपली पोस्टवाली वांडा. पट्टी भिजू नये म्हणून मी किती जपून घासलं! नाव गेलं तर भांडं कुणाचं ते कसं कळणार?

भांडं पुसून ठेवलं आणि तीच बादली घेऊन गॅरेजमध्ये गेले. शनिवारी गाडी बघायला माणूस येणार होता. डेल्बर्टने, तुझ्या भावाने, शेवटी दवाखान्यात मला बजावलं होतं, की वसंतात गाडी विक, आणि टप उघडून फिरवणाऱ्यालाच दे, पांघरूण घालून ठेवणाऱ्याला देऊ नकोस. म्हणून मी पेपरात दिलं: बासष्ट सालची लाल कॉर्व्हेट, उघड्या टपाची, दोघांपुरती, घरधन्याने चौदा वर्षं खपून नवी केलेली. जे विकायचं ते स्वच्छ करून द्यावं, एवढंच मला कळतं. चाकांच्या आतून पुसलं. मग बॉनेट उघडलं. डेल्बर्टने तिथे मला कधी फडकं लावू दिलं नव्हतं. इंजिनामागच्या काळ्या पत्र्यावर पोरांनी गिरवावं तसं काहीतरी पिवळं दिसलं. दोनदा साबण लावावा लागला, पण निघालं.

शनिवारी कॅन्सस सिटीचे मिस्टर क्रेब्ज आले. पांढरे हातमोजे, आणि काठीला लावलेला छोटा आरसा, दाताच्या डॉक्टरसारखा. गाडीखाली झोपून सगळं बघितलं, खूश झाले. मग बॉनेट उघडलं. डेल्बर्टच्या फाइलीतला फोटो काढून मला विचारलं, की कारखान्याची ही खूण कुठे आहे. मी आपली अभिमानाने सांगते, की ते होय, ते मी घासून काढलं! त्यांनी टोपी काढली, हेझल. आमच्या दारात माणसं टोपी काढून उभी राहिली होती ती ऑक्टोबरात.

मग मी फोटो नीट बघितला. पिवळ्या खडूने ‘ओके’ लिहिलेलं आणि खाली ‘ओ. टी.’, त्या ‘टी’ला डावीकडे वळलेलं शेपूट. तुमच्या नाताळच्या कार्डावर दर वर्षी असायचं तेच. ऑर्विल टेट. तुझा नवरा हयात असताना सेंट लुईसच्या कारखान्यात शेवटच्या जागेवर उभा राहून प्रत्येक गाडी पास करायचा, हे मला ठाऊक होतं. पण डेल्बर्टने अठ्ठ्याहत्तर साली कुणाच्या तरी गोठ्यातून, सीटवर कोंबड्या बसलेल्या असताना, ही गाडी का उचलून आणली, ते मला शनिवारी कळलं. मी तेव्हा विचारलं होतं. ऑर्विलमुळे, एवढंच तो म्हणाला होता. आणि मी पुढे विचारलं नाही.

तुझ्या नवऱ्याचं जगातलं शेवटचं अक्षर मी भांड्याच्या साबणाने धुतलं. कारखान्याची खूण गेली म्हणजे भाव उतरणार, म्हणून क्रेब्ज विचार करून कळवणार आहेत. त्यांचं काय ते होईल. तू काय म्हणतेस ते आधी कळव.

लोभ पूर्वीइतका राहणार नसेल, तर थोडा कमी चालेल. तुटू देऊ नकोस.

तुझी वहिनी,
व्हर्ला


टूसॉन, ॲरिझोना
१९ एप्रिल १९९४

प्रिय व्हर्ला,

नमस्कार घेतला. दोन दिवस घेतला नव्हता, हेही सांगून टाकते. पहिल्या दिवशी मी जेवायलाही उठले नाही. लेकीने विचारलं, की कुणी गेल्याचा फोन आला का. दुसऱ्या दिवशी मला हसू आलं, आणि ते थांबेना, तेव्हा तिने डॉक्टरला फोन लावायची तयारी केली.

आता मी नऊ वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट सांगते. पंच्याऐंशीच्या जुलैत मी तुमच्याकडे तीन आठवडे राहिले होते. एका गुरुवारी तू चर्चच्या बायकांबरोबर गोधड्या शिवायला गेलीस. मी गॅरेजमध्ये लिंबूपाणी घेऊन गेले, तर तुझा नवरा बादली पालथी घालून तिच्यावर बसलेला, हातात फडकं, फडक्याला पिवळा रंग. आजूबाजूचं वंगण पुसायला गेला थिनर लावून, आणि एका हातात सगळं गेलं. साठीला आलेला माणूस रडत होता, व्हर्ला. मी त्याला गाढव म्हटलं. लहानपणापासून म्हणते, तेव्हाही म्हटलं.

मग त्याने मला शपथ घातली, की व्हर्लाला सांगायचं नाही. जन्मभर ती म्हणत आली, की हा माणूस एक ताटली पुसून ठेवत नाही. आयुष्यात एक गोष्ट पुसली ती नेमकी ही, असं ऐकलं तर ती मला मरेपर्यंत सोडणार नाही, असं तो म्हणाला. खोटं होतं का ते?

मी म्हटलं, आण खडू इकडे. ऑर्विलच्या जेवणाच्या डब्यातल्या चिठ्ठ्या मी बावीस वर्षं वाचल्या. डबा रिकामा आला की आत चिठ्ठी असायची, कधी ‘मीठ कमी’, कधी नुसतं ‘बरं होतं’. ते अक्षर मला झोपेत येतं. पुठ्ठ्यावर सहादा गिरवून बघितलं आणि मग गाडीवर लिहिलं. तो फोटो त्यानंतरचा. म्हणजे ऑर्विलचं अक्षर तुझ्या नवऱ्याने पुसलं आणि तू पुसलंस ते माझं. घरातल्या घरात फिटलं.

रागच आला असेल तर तो एवढ्याचा, की तुम्ही दोघं इतकी सारखी असून चव्वेचाळीस वर्षं एकमेकांना बोलत राहिलात.

त्या क्रेब्जला काही सांगू नकोस. मी बसने येते आणि पुन्हा लिहिते. हातमोजेवाल्याला काय कळतंय!

लोभ होता तिथेच आहे. मी मुद्दाम बघून आले.

हेझल


वेलर्स फोर्ड
२ मे १९९४

प्रिय नणंदबाई,

स. न. वि. वि. आणि पायही धरते.

तुझं पत्र वांडाने आणून दिलं आणि मी रस्त्याकडेच्या पत्रपेटीजवळच उभ्याने वाचलं. मग गॅरेजमध्ये जाऊन त्या पालथ्या बादलीवर बसले. डेल्बर्टला मी मोठ्याने विचारलं, की एवढी का रे मी वाईट होते. मला सांगायला हवं होतं त्याने. मी बोललेच असते, आठवडाभर. मग आम्ही दोघं हसलो असतो. ते हसणं राहून गेलं, त्याचंच मला वाईट वाटतं.

आणि मी क्रेब्जना सगळं सांगितलं. ओरडू नकोस. आठवीत शाळा सुटल्यापासून मी वाचनालयातली जी काही पुस्तकं वाचली, त्यांत लपवणाऱ्याचं शेवटी कधी भलं झालेलं नाही. पण फोनवर ते चक्क सुटल्यासारखे हसले. म्हणाले, एवढंच ना! या गाड्यांवरच्या निम्म्याहून अधिक खुणा मागाहूनच काढलेल्या असतात. हुबेहूब हवी, एवढंच. ओहायोत एक माणूस फक्त खुणाच लिहून देतो, तो ऑर्विलचीही लिहील. भाव तोच राहील.

मी विचारलं, टप उघडून तुम्ही शेवटचं केव्हा फिरलात. ते म्हणाले, बाई, चालवली की मीटरवर मैल चढतात. त्यांच्या गाड्या ट्रकमध्ये बसून प्रदर्शनाला जातात, ब्लँकेट पांघरून. मी म्हटलं, कळवते.

शुक्रवारी वांडा तिचं भांडं न्यायला आली. उशीर झाला म्हणून मी माफी मागितली, तर म्हणते, तिने ते मुद्दाम मागितलं नव्हतं, पुन्हा घरात यायला निमित्त राहावं म्हणून. मेअखेरीस ती निवृत्त होते आहे. सत्तावीस वर्षं टपालाच्या गाडीच्या खिडकीतून हात काढून दर पत्रपेटीशी थांबत आली. आता तिला एकदा असं जायचंय, की मध्ये कुठेच थांबायचं नाही. ही गाडी तिने आमच्या अंगणात तुकड्यातुकड्याने जोडली जाताना बघितलीय, निम्मे भाग तर तिनेच पार्सलने आणून दिलेत. तिला विकत हवी आहे. क्रेब्जइतके पैसे तिला जमणार नाहीत, हे तिने स्वतःच सांगितलं, आणि तिचा कुत्रा शेजारच्या सीटवर बसेल हेही. खुणेची हकिगत ऐकून म्हणाली, की खूण असली तर बरं. पण ती ओहायोच्या माणसाची नको, घरच्या माणसाची हवी.

माझं मन तिकडे आहे. पण ती खूण तुझ्या घरातली. तू सांगशील तसं. नाही म्हणालीस तर ओहायोवाल्याला बोलावते आणि एक शब्द काढत नाही.

उत्तराची आणि तुझी, दोन्हींची वाट बघणारी,
व्हर्ला


टूसॉन
११ मे १९९४

प्रिय व्हर्ला,

आशीर्वाद, कारण मी मोठी आहे आणि बरोबरही.

वांडाला दे. ऑर्विल गाडी पास करायचा तो ती रस्त्यावर जावी म्हणून. ब्लँकेटखाली घालायला पास कशाला करायची? ओहायोच्या भाडोत्री माणसाने माझ्या नवऱ्याची सही करायची, हे मी ऐकलंच नाही असं समज.

पण मला येता येणार नाही. कमरेचा सांधा जून महिन्यातच बदलायचं ठरलं, आणि बसचं नाव काढलं तर डॉक्टर दुसऱ्या बाजूचाही सांधा मोडीन म्हणतो. म्हणून सोबत ऑर्विलच्या डब्यात राहिलेला पिवळ्या खडूचा तुकडा पाठवते आहे, आणि त्याची एक चिठ्ठी. ‘ॲपल पाय छान होता. ओ. टी.’ असं आहे. ही माझी आवडती, परत हवी. तू लिही. शेपूट डावीकडे वळव आणि हात उचलू नकोस. एकदा पुसणाऱ्याने पुसलं, आता लिहिणाऱ्याने लिहावं, आणि घरात लिहिणारी तूच उरलीस.

माझा लोभ खडूबरोबर कागदात गुंडाळला आहे. सांडू नकोस.

हेझल


वेलर्स फोर्ड
६ जून १९९४

प्रिय हेझल,

सप्रेम नमस्कार. तुझा सांधा कसा आहे? चिठ्ठी परत पाठवते आहे, मोजून घे, एकच आहे.

चर्चच्या पत्रकांच्या पाठीवर मी अकरा वेळा गिरवलं. तू सहादा गिरवलंस, मला अकरा लागले. मग बॉनेट उघडलं. अक्षर सरळ यावं म्हणून डेल्बर्ट टेकवायचा तिथे कोपर टेकवलं, त्याच्या बाहीने तिथला रंग थोडा विटलाय. ‘ओके’ चांगलं आलं. ‘टी’चं शेपूट जरा लांबलं. वांडा बघून म्हणाली, की या ‘टी’ला पोहोचायची घाई दिसते. मी पुसून पुन्हा लिहू का विचारलं. तर म्हणाली, बाईसाहेब, तुम्ही आता फडक्याला हात लावू नका.

शनिवारी ती मला आधी पुलापर्यंत घेऊन गेली. टप उघडा. मी डोक्याला रुमाल बांधला होता, तो कुत्र्याने खाल्ला. वाऱ्याने डोळ्यांना पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही. परत आणून मला दारात सोडलं, आणि ती निघाली. कुठेच थांबायचं नव्हतं ना तिला? मी अंगणातून बघत होते. शेजारच्या मोरलँडांच्या पत्रपेटीशी ब्रेकचे लाल दिवे लागले. पुढच्या पेटीशी पुन्हा लागले. वळणापर्यंत एकही पेटी सुटली नाही. मी एवढी मोठ्याने हसले, की कोंबड्या पळाल्या.

ती म्हणते, हेझलची कंबर बरी झाली की ऑक्टोबरात आपण टूसॉनला जाऊ, तिला अक्षर तपासू दे. मी हो म्हटलं आहे. कुत्रा शेजाऱ्यांकडे राहील, तसं मी आधीच ठरवून घेतलंय. तेव्हा लोभ पत्रातून धाडू नकोस, दारात उभी राहून दे.

तुझी,
व्हर्ला

ता. क. गाडी शनिवारी गेली. दुसऱ्या दिवशी चर्चहून आल्यावर मी बादली आणि ब्रश घेऊन रिकामं गॅरेज धुतलं. जमिनीवरचा तेलाचा डाग तेवढा राहू दिला.