चौदा पायऱ्यांच्या जिन्याविषयी माझे शेवटचे म्हणणे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय स्वतंत्र प्रकाशयोजना सल्लागार, हे मृत्युपत्र शुद्धीवर राहून, विचार करून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी भरीस पाडलेले नाही की धाक घातलेला नाही. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. स्वभावाचा दाखला देण्यास त्यांनी नकार दिला. याआधीची दोन मृत्युपत्रे रागाच्या भरात केली होती, ती रद्द समजावीत. हेही रागातच लिहिते आहे, पण हा राग मुरलेला आहे.

यजमान वारल्याला अकरा वर्षे झाली. अपत्य एकच, चिरंजीव. माझी थोरली बहीण, जिला सगळे घर ताई म्हणायचे, दोन वर्षांपूर्वी वृद्धनिवासाच्या जिन्यावरून पडली आणि महिनाभर अंथरुणावर राहून गेली. त्या जिन्यावरचे दिवे माझ्या चिरंजीवांनी बसवले होते. आजही ते जसेच्या तसे आहेत आणि रोज तीसएक म्हातारी माणसे त्यांच्या उजेडात चढउतार करतात. तो जिना दुरुस्त होईपर्यंत माझ्या मालमत्तेतला एक चमचाही कोणाला मिळू नये. जिन्याचा खर्च सोडता पुढची सर्व कलमे त्यानंतर लागू होतील.

१. माझा धंदा काय होता हे नातेवाइकांना शेवटपर्यंत कळले नाही, म्हणून नोंदवून ठेवते. मी दिवे विकत नव्हते. इमारत कागदावर असतानाच उजेड कुठे हवा, किती हवा आणि कुठे मुळीच नको, हे मी ठरवून देत असे आणि त्याची फी घेत असे. कोणत्याही दिवेवाल्याची दलाली घेतली नाही, नव्या वर्षाची डायरीसुद्धा परत पाठवली. एका शाळेतले निम्मे दिवे मी काढायला लावले, तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, दिवे काढायची फी?" मी म्हटले, "हो. बसवायला सांगणारे फुकट भेटतात, काढायला सांगणारे भेटत नाहीत." मुलांची डोकेदुखी थांबली, पण मुख्याध्यापकांनी पुन्हा कधी बोलावले नाही. यजमान म्हणत, "दिवा कुठं लावायचा हे सांगायला कुणी पैसे देतं का गं?" त्याच पैशांतून हे घर झाले आणि त्यात त्यांनी तीस वर्षे आरामात वर्तमानपत्र वाचले.

२. राहते घर चिरंजीव आणि सूनबाई यांच्या नावे, निम्मे-निम्मे. सूनबाईचे नाव मुद्दाम घातले आहे. या घराण्यात मला तोंडावर बोलणारी तेवढी एकच. वरच्या खोलीतल्या उत्तरेच्या खिडकीसमोर कपाट ठेवू नये. ठेवतील हे मला माहीत आहे.

३. ऑफिसची जागा, नकाशे, उजेड मोजायची तिन्ही मीटर आणि ऑफिसचे नाव माझ्या सहकारी बाईंना द्यावे. एकोणीस वर्षे त्या मीटर घेतल्याशिवाय कोणत्याही खोलीत शिरल्या नाहीत, म्हणून आम्ही त्यांना मीटरबाई म्हणतो. अट एकच. ज्या दिवशी त्या कोणा दिवेवाल्याकडून पहिली भेटवस्तू घेतील, त्या दिवशी पाटी उतरवावी.

४. ज्या आर्किटेक्टना त्यांच्या सभागृहातल्या 'मुलायम प्रकाशा'साठी पारितोषिक मिळाले, त्यांना माझा जुना टॉर्च द्यावा. त्या सभागृहाच्या फलकावर सगळ्यांची नावे आहेत, लिफ्टवाल्याचेसुद्धा. टॉर्च मारून माझे नाव शोधावे. सापडल्यास टॉर्च परत करावा.

५. बँकेतल्या ठेवींतून आधी जिन्याचा खर्च व्हावा. काम पाहण्याची पूर्ण फी मीटरबाईंना द्यावी, त्यांनी नको म्हटले तरी. दिवे चिरंजीवांच्या दुकानातून घेतल्यास हरकत नाही. दिवे वाईट नाहीत, त्यांच्या जागा वाईट आहेत. छतातले दिवे असे लावले आहेत की उतरणाऱ्याची सावली त्याच्याच पुढच्या पायरीवर पडते. भर म्हणून वळणावर एक दिवा थेट डोळ्यांवर रोखलेला आहे. म्हाताऱ्या डोळ्यांना उजेड तिप्पट लागतो आणि चकाकी मात्र सोसत नाही. ताई म्हणायची, "अगं, इतकं झगझगीत आहे की काही दिसतच नाही." सगळे हसायचे. ती पडली तेव्हा त्या जिन्यावर सात दिवे चालू होते. उरलेली रक्कम वृद्धनिवासाला द्यावी.

६. चिरंजीवांविषयी. नऊ वर्षे तो माझ्या हाताखाली शिकला. शिडीवर चढून मोजमाप घ्यायचा आणि वरूनच भांडायचा. मग एक दिवस म्हणाला, "आई, लोकांना सल्ला नको असतो, दिवे हवे असतात." त्याने शोरूम काढले आणि बाहेर पाटी लावली: दिवे आमचे, डिझाइन फुकट. फुकट ते पौष्टिक, लोक धावले. माझी निम्मी जुनी गिऱ्हाइके त्याच्याकडे गेली. त्याचे मला वाईट वाटले नाही असे मी सगळ्यांना सांगत असे. ते खोटे होते. फार वाईट वाटले.

ताई गेली त्या दिवशी रुग्णालयाच्या व्हरांड्यात सूनबाई, मीटरबाई आणि वृद्धनिवासाच्या व्यवस्थापिका होत्या. त्यांच्यादेखत मी त्याला म्हटले, "तुझ्या फुकटच्या दिव्यांनी मारलंस तू तिला." उचलली जीभ लावली टाळ्याला, तसे झाले नव्हते. चांगले महिनाभर ते वाक्य मी मनात घोळवले होते. तो गाडीची किल्ली हातात धरून उभा होता. एवढेच म्हणाला, "चुकलं माझं." नंतर तो या घराचा जिना चढला नाही. मीही हाक मारली नाही.

७. हे कलम त्याच तिघींना आणि चिरंजीवांना एकत्र बसवून वकिलांनी मोठ्याने वाचावे.

ताई पडण्याच्या चार महिने आधी, दिवे बसायचे होते तेव्हा, चिरंजीवांनी त्या जिन्याचा नकाशा माणसाबरोबर माझ्याकडे पाठवला होता. सोबत चिठ्ठी होती: "आई, मावशी तिथंच राहायला जातेय. जिन्याचं तेवढं नजरेखालून घाल." मी गुंडाळी उघडलीसुद्धा नाही. तिच्या पाठीवर लाल पेन्सिलीने लिहिले, "स्वतंत्र सल्ला फुकट मिळत नाही. आधी फी पाठवावी." आणि त्याच माणसाच्या हाती नकाशा परत दिला. मला वाटले, बरी जिरवली.

व्हरांड्यात त्याने तो कागद काढून दाखवला असता तर मला तोंड लपवायला जागा उरली नसती. त्याने दाखवला नाही, आजवर कोणालाही दाखवलेला नाही. सूनबाईकडून कळले. ती म्हणाली, "त्यांच्या कपाटात आहे. दाखवत नाहीत आणि फाडतही नाहीत. मी वाचलाय, आई." त्यानंतर आम्ही दोघी बराच वेळ भाजी निवडत बसलो.

ताई गेल्यावर वृद्धनिवासातून नकाशाची प्रत मागवली आणि शेवटी तो जिना पाहिला. वीस मिनिटे लागली. दोन दिवे सरकवायचे आणि वळणावरचा काढून टाकायचा. दुरुस्त केलेला नकाशा दोन वर्षे माझ्या खणात आहे. तो पाठवायचा तर लोक विचारणार, हे आधी का नाही सांगितलंत. या एका प्रश्नाच्या भीतीने मी तीस माणसांना त्या जिन्यावरून चालू दिले. माझ्या सल्ल्याची किंमत मी आयुष्यभर सगळ्यांना ऐकवली, आणि ती ताईने भरली.

इथवर लिहिल्यावर एवढे तरी कळते की जिन्याने माझ्या मरणाची वाट पाहू नये. दुरुस्त नकाशा आज पहिल्या साक्षीदारांच्या हाती चिरंजीवांकडे पाठवत आहे. सोबत चिठ्ठी लिहायला सकाळपासून बसले होते. चार कागद फाडले. समोर बोलवत नाही, चिठ्ठीत लिहवत नाही, म्हणून हे कलम केले आहे. मारले ते मी, तू नव्हेस. हे त्याला मी गेल्यावर ऐकायला मिळेल.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिले, ते माझेच आहे. दोन्ही साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले आणि मी त्यांना. त्यांना यातून काहीही मिळणार नाही, हे सांगूनही ते आले.

ठिकाण: राहते घर, वरची खोली
दिनांक: ७ नोव्हेंबर, दुपारी साडेतीन

सही: (लिहून देणार)

साक्षीदार १: कोपऱ्यावरचे स्टेशनरी दुकानदार. सही. नकाशाची गुंडाळी मिळाली.
साक्षीदार २: घरचे डॉक्टर. सही.