प्लास्टिक नसलेला सोफा

१ मार्च, रविवार
आजपासून रोज लिहायचं ठरवलं आहे. कामाची नोंद राहावी म्हणून. दुसरं काही कारण नाही.

सकाळी नेरेइदा आली. माझ्या बायकोची, एर्सिलियाची, धाकटी बहीण. बाहेरच्या खोलीत उभी राहून म्हणाली, भावजी, ही बैठक आहे की गोदाम? माणसानं टेकायचं कुठे? मी म्हटलं, स्वयंपाकघरात खुर्ची आहे. ती म्हणाली, हो, एक.

१६ मेला एर्सिलियाला जाऊन वर्ष होईल. वर्षाची प्रार्थना गेलेल्या माणसाच्या घरीच व्हायला हवी, आमचं अख्खं बानी शहर हे मानतं. नेरेइदाचं म्हणणं, या घराची अशी दशा असेल तर ती तिच्याकडे ठेवू. तिच्याकडे! तिच्याकडे तीन कुत्री आहेत आणि तिन्ही सोफ्यावर झोपतात. एर्सिलिया तिथे कॉफीसुद्धा उभ्यानं प्यायची.

मी सांगितलं, प्रार्थना इथेच होईल. लोक व्यवस्थित सोफ्यावर बसतील. ती म्हणाली, कुठल्या? मी म्हटलं, बघशील.

आमचा जुना सोफा कोपऱ्यावर चागोच्या दुकानाच्या ओसरीवर आहे. मागच्या वर्षी ती गेल्यावर, नऊ रात्रींच्या प्रार्थनेला नेरेइदाच्या पोरांनी तिकडे नेऊन ठेवला होता. परत आणू नका असं मीच सांगितलं. फार जुना झाला होता. शेवटचे चार महिने एर्सिलिया त्याच्यावर झोपून असायची, पण त्याचा काही संबंध नाही.

ब्रेड हल्ली लांबच्या दुकानातून आणतो. तिथला ताजा असतो.

८ मार्च, रविवार
सोफा घेतला. एका कुटुंबाला न्यूयॉर्कचा व्हिसा मिळाला आहे, ते घरातलं सगळं विकताहेत. बाई म्हणाली, अहो नव्यासारखा आहे, फक्त सासूबाई बसतात. सासूबाई तेव्हाही बसलेल्याच होत्या. भाव ठरेपर्यंत उठल्या नाहीत. ठरल्यावरही नाहीत. शेवटी दोघांनी त्यांना धरून उठवलं, तेव्हा त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, जपून बस रे बाबा, डावीकडची स्प्रिंग चावते.

आमच्या दारातून जाईना. लोखंडी जाळीचं दार अरुंद आहे. दोन्ही हात आणि पाय काढून, आडवा करून मागच्या अंगणात नेला.

घरी आल्यावर वास कळला. जुनं तेल, मलम आणि ओलं कुत्रं. न्यूयॉर्कला जाणारे लोक असं जगतात.

योजना साधी आहे. उघडायचा, साफ करायचा, फोम, कापड. तीन आठवडे पुरेत. पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं काढली. घाण काय असते हे मला कोणी शिकवू नये.

एक गोष्ट पक्की. याच्यावर प्लास्टिक घालणार नाही. एर्सिलियानं आमच्या सोफ्यावरचं प्लास्टिक कधी काढलं नाही. चांगल्या दिवसासाठी राखून ठेवलाय, म्हणायची. सव्वीस वर्षं माझी पाठ त्या प्लास्टिकला चिकटत होती. उठताना असा आवाज यायचा की पाहुणे माझ्याकडे बघायचे.

११ मार्च
खालचं कापड फाडलं. किळस आली. लिहू नये, पण नोंद म्हणून लिहितो: केस (तीन रंगांचे), झुरळांची अंडी, कोंबडीचं हाड, बाहुलीचा हात, कापलेली नखं. नखं! सोफ्यावर बसून माणूस नखं कापतो आणि फटीत ढकलतो. कवळीचा तुकडाही होता. तो सासूबाईंचा असावा.

सगळं पिशवीत भरलं, पिशवी दुसऱ्या पिशवीत. क्लोरीनच्या पाण्यानं कोपरापर्यंत हात धुतले. जेवलो नाही.

१५ मार्च
कापडाखाली दुसरं कापड निघालं. त्याच्याखाली तिसरं. जुनं काढायचे कष्ट कोणी घेतले नाहीत, वरून नवं ठोकत गेले. आतलं निळं, मधलं वाघाच्या पट्ट्यांचं, वरचं तपकिरी. प्रत्येक थराला वेगळ्या माणसांचा वास. लोकांना लाज कशी वाटत नाही?

नेरेइदा डोकावून म्हणाली, भावजी, सोफा सोलताय की कांदा? आणि स्वतःच्याच विनोदावर हसली. मी हसलो नाही. हात धुतले.

२१ मार्च
फ्रेम उघडी झाली. लाकूड चांगलं आहे. एका पायात वाळवी होती, पण उरलेले तीन चांगले आहेत.

जुन्या स्प्रिंगा टाकून नवे पट्टे आणले. ताणून बसवायचे असतात. मी हवे तेवढे ताणले. एक सुटून हनुवटीवर बसला. लांबच्या दुकानातली बाई म्हणाली, कोणी मारलं हो तुम्हाला? मी म्हटलं, काम चालू आहे.

२७ मार्च
कापड घेतलं. फिकट पिवळसर, अंगाला मऊ. दुकानदारीण म्हणाली, दादा, हा रंग घरात कोणी खातं-पितं असेल तर घेऊ नका. मी म्हटलं, घरात मी एकटाच आहे. तिनं अर्धा मीटर जास्त मोजून दिलं. मला ते आवडलं नाही. मला काय झालंय?

ठरलं: ईस्टरपर्यंत सोफा तयार.

३ एप्रिल, गुड फ्रायडे
सुट्टी, रस्ता शांत, रेडिओ बंद, उकाडा बेताचा. कामाला याहून चांगला दिवस नाही. फ्रेम अंगणातून आणून बैठकीत ठेवली, हात आणि पाय जोडले आणि कापड ठोकायला घेतलं.

आठव्या खिळ्याला शेजारची बाई भिंतीवरून ओरडली. आज खिळा? आज? मग तिची आई आली. मग रस्त्यावरची चार-पाच माणसं दाराशी जमली. या दिवशी खिळा ठोकला की तो येशूच्या हातात जातो, असं इथे मानतात. मला लहानपणापासून माहीत आहे. मी शिकलेला माणूस आहे, मी मानत नाही. आणि विसरलोही होतो.

एका म्हाताऱ्यानं विचारलं, किती ठोकले? मी म्हटलं, आठ. तो म्हणाला, अरे देवा, यहुद्यांनीसुद्धा इतके नव्हते ठोकले.

नेरेइदा धावत आली. म्हणाली, भावजी, माझी बहीण वर बसून बघतेय, तिला तिथे तोंड दाखवायला जागा ठेवा! हातोडी घेऊन गेली.

एर्सिलिया आजच्या दिवशी केससुद्धा विंचरायची नाही. सकाळीच अंबाडा घालून त्यात दोन चिमटे खोचायची, ते रात्रीपर्यंत. हे मला आठ खिळ्यांनंतर आठवलं.

४ एप्रिल
लोक रागावलेत असं वाटलं होतं. पण सकाळपासून पातेली येताहेत. उपवासाच्या दिवसांत घरोघरी गोड घेवड्याची खीर करतात आणि एकमेकांकडे पोचवतात. माझ्याकडे सहा पातेली झाली. म्हाताऱ्यानंही पाठवली. वर निरोप, खा आणि प्रायश्चित्त घे.

एर्सिलिया आजारी पडेपर्यंत आमच्याकडूनही जायची. ती रताळं जास्त घालायची. या सहांमध्ये कोणालाच रताळ्याचा अंदाज नाही.

सहावं पातेलं अर्धवट ठोकलेल्या सोफ्यावर टेकवलं होतं. ते पडलं.

५ एप्रिल, ईस्टर
डाग निघत नाही. साबण, लिंबू, क्लोरीन. क्लोरीननं डागाच्या भोवतीचं कापड पांढरं झालं आणि डाग जास्त उठून दिसतो. घेवडा. एक सालही चिकटलेली आहे.

सगळ्या पातेल्यांची घाण वाटते. मुंग्यांची वाटते. माणसांची तर बोलायलाच नको.

तारीख पुढे ढकलली: एप्रिल अखेर.

१९ एप्रिल
नवं कापड. या वेळी गडद हिरवं. हातोडी नको म्हणून स्टेपल गन आणली.

फोम दुप्पट घातला. लोक एकदा बसले की त्यांनी म्हणायला हवं, वा. हातांवरही जाड फोम. दोन्ही हात स्क्रूनं आणि डिंकानं पक्के केले, स्क्रूची डोकी लाकडात बुडवली, वर फोम, वर कापड. आता कोणाच्या बापाला सुटायचे नाहीत. वाळवी लागलेल्या पायाला वैतागून चारही पाय नवे बसवले, चांगले उंच, तेही डिंकानं पक्के.

३० एप्रिल
झाला.

झाला म्हणजे जवळजवळ. पाठीमागे कापड कमी पडलं, तिथे वाघाच्या पट्ट्यांचं धुऊन लावलं. भिंतीकडची बाजू आहे, कोण बघतंय?

बसून पाहिलं. पाय जमिनीला टेकत नाहीत. याचा अर्थ फोम चांगला आहे.

पाठ चिकटत नाही. उठताना आवाज होत नाही. अर्धा तास बसलो. खोलीत कसलाच आवाज नव्हता. मग स्वयंपाकघरात जाऊन खुर्चीवर बसलो.

१० मे
नेरेइदाला सोफा दाखवला. ती भोवती फिरली, हात फिरवला, बसली, पाय हलवत राहिली. म्हणाली, भावजी, हा सोफा आहे की ओटा? मग म्हणाली, बरा आहे. मग रुमाल शोधू लागली.

म्हणाली, ठरलं तर, इथेच करू. शनिवारी चारला फेफाबाई येतील जपमाळेची प्रार्थना सांगायला. मी पोरांना दुपारीच पाठवते.

कशाला, हे मी विचारलं नाही. जिंकल्यावर प्रश्न विचारू नयेत.

१६ मे, शनिवार
दुपारी नेरेइदाची दोन्ही पोरं आली. यादिएल आणि वांदर. ट्रकवर माल चढवतात, हत्तीसारखी आहेत. काका, बाजूला व्हा, असं म्हणून त्यांनी सोफा उचलला.

मी म्हटलं, हे काय? यादिएल म्हणाला, बाहेर काढतोय. वेदी मांडायची, खुर्च्या लावायच्या, चाळीस माणसं येणार. सोफा ठेवून कसं होईल, काका? प्रार्थनेला बैठक रिकामी करतातच ना.

करतातच. प्रत्येक घरी करतात. म्हणून तर मागच्या वर्षी आमचा सोफा चागोकडे गेला. हे मी याच वहीत लिहिलं आहे.

नेरेइदा वेदीची फुलं घेऊन दाराबाहेर उभी होती. म्हणाली, भावजी, मला वाटलं तुम्ही नंतरसाठी करताय. रोज बसायला. मागच्या वर्षी नव्हतात का तुम्ही इथे? मी म्हटलं, होतो.

सोफा दारात अर्धा गेला आणि अडकला. आडवा, उभा, तिरपा करून पाहिला. वांदर म्हणाला, हात काढा. मी म्हटलं, निघत नाहीत. पाय? निघत नाहीत. मग आत ओढा. आतही येईना. फोम जाळीत रुतला होता. मी आतून ढकलत होतो, पोरं बाहेरून ओढत होती, चार वाजले आणि फेफाबाई आल्या.

फेफाबाईंनी सोफ्याकडे बघितलं. म्हणाल्या, मेलेल्या माणसाला थांबवता येतं, मला सहाला दुसरीकडे जायचंय.

म्हणून खुर्च्या रस्त्यावर लावल्या. मागच्या अंगणाला बाहेर जायची वाट नाही, त्यामुळे मी आत राहिलो. आत मी मांडलेली वेदी, मेणबत्त्या, एर्सिलियाचा फोटो आणि मी. बाहेर रस्त्यावर चाळीस माणसं दाराकडे तोंड करून, म्हणजे सोफ्याच्या वाघाच्या पट्ट्यांकडे तोंड करून जपमाळ म्हणत होती. मोटरसायकलवाले थांबून छातीवर क्रूसाची खूण करून जात होते. त्यांना वाटलं असेल, पट्ट्यांच्या आत मयतच आहे.

कॉफी मला सोफ्यावरून दिली. नेरेइदा मधेच उठली आणि दाराबाहेर आलेल्या सोफ्याच्या हातावर बसली. बसायची जागा नव्हती ती. तिथे बसूनच उरलेली प्रार्थना म्हणाली. शेवटी आत डोकं घालून विचारलं, भावजी, रडताय का? मी म्हटलं, मेणबत्तीचा धूर आहे.

प्रार्थना ठरल्याप्रमाणे घरीच झाली.

१७ मे, रविवार
पोरांनी सकाळी करवत आणून सोफा दारातच कापला. दोन अर्धे फुटपाथवर ठेवले. दुपारी बघितलं तर एक अर्धा कोणीतरी नेला होता. अर्ध्या सोफ्याचं कोणी काय करणार? लोक काहीही घरात नेतात. शी.

कपबश्या चागोच्या होत्या. त्या परत द्यायला कोपऱ्यावर जावं लागलं.

आमचा जुना सोफा ओसरीवरच आहे. चार जण बसून डॉमिनो खेळत होते. प्लास्टिक तसंच आहे, कडेला पिवळं पडलंय. मी चागोला म्हटलं, अजून काढलं नाहीस? तो म्हणाला, काढतोय कुठला. नेऊन ठेवला त्याच्या आधीच बाईंनी बजावून ठेवलं होतं मला, आजारी असताना. म्हणाल्या, चागो, माझ्यानंतर सोफा तुझ्याकडे येईल नऊ दिवस. प्लास्टिकला हात लावलास तर बघ. एकानं सिगारेट टेकवली होती तर त्याचं खेळणं बंद केलं मी.

मग म्हणाला, उठा रे, सरांना बसू द्या. ते उठले. उठताना तो आवाज झाला. चार वेळा.

मी बसलो. डावीकडे, माझ्या जागेवर. पाठ लगेच चिकटली. चागोनं न विचारता ब्रेड बांधून दिला. म्हणाला, तिकडचा शिळा असतो हो.

खेळ पुन्हा सुरू झाल्यावर शेजारच्या गादीच्या फटीत हात घातला. प्लास्टिक तिथे फाटलेलं होतं. पेपरमिंटचे कागद, बारीक घड्या घालून. एक चिमटा, त्यात केस अडकलेला, मुळाशी पांढरा. एक तुटलेलं नख.

सगळं होतं तिथे परत ठेवलं.

सोफा घरी आणायला पोरांना उद्या सांगेन. दारातून जातो तो. कापड, फोम, काहीही करायची गरज नाही. प्लास्टिकचं नंतर बघू.

उठताना आवाज झाला. कोणी बघितलं नाही.

हात धुवायचे राहून गेले.