चार फेऱ्यांची पट्टी

प्रिय दिपमाला,

धुळ्याहून तुझ्या आजीचा आशीर्वाद. अक्षर शेजारच्या इंदिराबाईंचं, शब्द माझे. तीस वर्षं शाळेत शिकवून त्या घरी बसल्या, तरी मी सांगायला लागले की पेन थांबवून मलाच व्याकरण शिकवतात. आताही म्हणतात, ताईबाई, एवढं सांगायचं तर फोन करा ना. फोनवर तू मला दुसरं वाक्य बोलू देत नाहीस, आणि आज माझ्याकडे बरीच वाक्यं आहेत.

इथे ठीक आहे. कुंदनकाकाने नवा कूलर आणलाय, तो वारा कमी आणि आवाज जास्त देतो. त्या आवाजापायी तुझी आई रूपा फोन स्पीकरवर टाकून बोलते. परवा ती कणीक मळत होती आणि तू रडत होतीस. मी लसूण सोलत होते. कान काही सोलत नव्हते.

तुझं काम मला किती कळतं ते तुला ठाऊक आहे. कोणी विचारलं, नात काय शिकते, की मी सांगते, जळगावला ॲल्युमिनियम घोटते. गल्लीतल्या वना नानांना वाटतं तू भांड्यांच्या कारखान्यात लागलीस. वाटू दे. पण आखाजीच्या सणाला तू आलीस, तेव्हा दुपारी आमरसाची वाटी घेऊन माझ्याजवळ बसलीस आणि नीट समजावलंस. पट्टीत चर पाडायचा, त्यात डोळ्यांना न दिसणारी भुकटी भरायची, तिला तुम्ही नॅनो म्हणता. मग यंत्राची गरगर फिरणारी दांडी त्यावर दाबून पुढे न्यायची. धातू वितळत नाही, नुसता घासून तापतो, मऊ होतो, भुकटी त्यात घोटली जाते आणि धातूचे दाणे मोडून बारीक होतात. दाणा जितका बारीक तितकी पट्टी टणक. मला हसू आलं होतं. आम्ही जन्मभर टपोऱ्या दाण्याचं कौतुक केलं, आणि नात दाणा बारीक करून डॉक्टर होणार! एका फेरीत भुकटीच्या गाठी राहतात म्हणून तू चार फेऱ्या मारल्यास. मी विचारलं, पापडाच्या पिठात खार मुरेपर्यंत कुटतात तसं का गं? तू म्हणालीस, आजी, तूच ये आमच्या प्रयोगशाळेत, सरांना घरी पाठवू.

मग तू शेवटचं सांगितलंस. एकदा घोटलेली पट्टी पुन्हा तापवायची नाही. तापली की दाणे परत फुगतात, केलेलं सगळं पाण्यात. त्यावर मी एकदम आणखी रस मागितला. मी दुसऱ्यांदा रस कधी घेत नाही, हे तुझ्या लक्षात यायला हवं होतं. एवढी शिकलेली तू.

तुमच्या कॉलेजचं कठीणपणा मोजायचं यंत्र बिघडलेलं, म्हणून ती चार फेऱ्यांची पट्टी तू इथल्या कॉलेजात मोजायला धुळ्यात आणलेलीस. सणाची सुट्टी, म्हणून ती दोन दिवस आपल्या घरी राहिली. तिसऱ्या दिवशी मोजली, तर साध्या ॲल्युमिनियमपेक्षाही मऊ. एक आणि दोन फेऱ्यांच्या पट्ट्या आधीच चांगल्या निघालेल्या. सर म्हणाले, जास्त घोटल्यानेच बिघडलं, चार फेऱ्यांचा विचार सोड, नव्याने मांड. म्हणजे आणखी एक वर्ष. आणि तू आईला म्हणालीस, माझ्याच हाताला वळण नाही, सोडते हे, सावद्याच्या शाळेत जागा आहे तिथे जाते.

आता ऐक. आखाजीच्या सकाळी पुरण शिजत होतं. बुडाला लागू नये म्हणून मी पातेल्याखाली जुना तवा ठेवते. तो तवा इंदिराबाईंनी नेलेला. (हेही लिहा म्हटलं, लिहिताहेत.) तुझ्या पिशवीत फडक्यात गुंडाळलेली पट्टी दिसली, हाताएवढी, सपाट. वर लाल अक्षरांची चिठ्ठी होती. मला वाटलं, किमतीची असेल. चिठ्ठी सोडवली आणि पट्टी गॅसवर ठेवली, चांगले दोन तास. नंतर चिंचेने घासून लखलखीत केली आणि चिठ्ठी भाताच्या शिताने परत चिकटवली. जेवताना तू म्हणालीस, पुरण जरासुद्धा लागलं नाही. ते कौतुक मी घेतलं. दुपारी कळलं काय केलं ते, तरी बोलले नाही. सणाला कशाला, म्हटलं. मग सण सरला, आणि लाज वाटायला लागली.

इंदिराबाईंनी पेन खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. पाहू दे.

सरांना तोंडी चालत नाही, कागद लागतो, असं तूच सांगतेस. म्हणून फोन नाही, पत्र. हे त्यांना दाखव. खाली माझा अंगठा आहे, साक्षीदार म्हणून इंदिराबाईंची सही आहे. एक वाक्य त्या सुधारून लिहीत होत्या, मी लिहू दिलं नाही: हाई मन्ही चूक शे, पोरनी नही. त्याच दिवशी घोटलेली जोडीची पट्टी तुझ्या कपाटात आहे ना? तिने धुळं पाहिलेलं नाही. ती मोज. तीही मऊ निघाली तर सरांचं खरं, मग खुशाल सावद्याला जा. पण आधी मोज.

तुझीच, चुकलेली,
ताईबाई आजी
(डाव्या हाताचा अंगठा)