कोणाच्या लाभात

प्रिय दादा,

सोमवारी सकाळी देवाला हात जोडले आणि तू पाठवलेलं हक्कसोडपत्र घेऊन नोंदणी कचेरीत गेलो. माझा वाटा मिळाला की तू ताईला बाहेर काढून वडिलांचं घर विकणार, हे मला ठाऊक होतं. पण तुला नाही म्हणायला माझी जीभ कधी रेटलीच नाही.

कारकुनाने कागद परत सरकवला. "काका, हा दुसऱ्या राज्याचा नमुना. इथे चालत नाही. आपला घ्या."

तुझ्या कागदावर तुझं नाव आधीच छापलेलं होतं. इथल्या कागदावर 'कोणाच्या लाभात' यापुढे नुसती कोरी ओळ. तीन दिवस तो कागद खिशात घेऊन फिरलो. पूजेतही तीच ओळ डोळ्यांपुढे यायची.

काल ताईकडे जेवताना तो खिशातून पडला. तिने न वाचताच उचलून दिला.

"कसला रे?"

"सरकारी आहे."

"मग नीट ठेव की, वेंधळ्या!"

हे पत्र टाकायचा धीर मला होणार नाही. पण आज त्या ओळीत ताईचं नाव लिहिलं, सही केली आणि कागद नोंदवून आलो.

तुझाच,
धाकटा