पेपरातलं तिसरं नाव

रोशन गेट,
छत्रपती संभाजीनगर
दि. १४ नोव्हेंबर २०२५

प्रिय सावनी,

सलाम. तुझ्या घरी सगळे बरे असतील. इकडं थंडी पडायला लागली आहे. कॉलेजात परीक्षा चालू आहेत, आणि तासिका तत्त्वावरच्या बायकांवर सुपरव्हिजन ढकलायचं हा आमच्याकडचा जुना रिवाज, त्यामुळं दिवसभर उभीच असते. तुझी नोकरी कायम झाल्याचं विभागाच्या ग्रुपवर कळलं. तेव्हा मी अभिनंदन केलं नाही. आजही करत नाही.

परवा फोनवर तू म्हणालीस, "अदीबा, तू चिडलीस की तुला नीट बोलता येत नाही." खरं आहे. म्हणून लिहिते आहे.

ज्या श्रेयाचं नाव काढल्यावर तू विषय बदललास, ती नांदेडकडची पोरगी आहे, पीएचडी करते. आपल्या रिसर्च पेपरात लिहिलंय तसं करून बघते. रंगाच्या पाण्यात पावडर टाकायची, उन्हात ठेवायचं, रंग गेला की पावडर गाळून धुऊन परत वापरायची. पाच वेळा तितकीच चालते, असं आपण छापलंय. तिची पावडर चौथ्या वेळी बसते, रंग जातच नाही. वर्ष झालं, तिचे गाइड तिला म्हणतात, तुझ्या हाताला स्वच्छता नाही. तिनं आपल्या दोघींच्या गाइड सरांना मेल केले, तुला केले. कुणीच उत्तर दिलं नाही, म्हणून मला फोन. "मॅडम, धुताना तुम्ही नेमकं काय करता? माझंच काहीतरी चुकतंय," म्हणाली.

काय सांगू तिला? तो प्रयोग मी केला होता. अब्बांच्या रंगशाळेतून हिमरू शालींचं सूत रंगवून उरलेलं पाणी कॅनमध्ये भरून स्कूटीवर मीच विभागात आणायची. तीन वेळा झालं. गाळताना, धुताना दरवेळी थोडी पावडर जातेच. तिसऱ्यानंतर चिमूटभर राहिली होती. सोमवारी नवी करायचं ठरवलं होतं. त्याआधीच अब्बा रंगशाळेत कोसळले, डावी बाजू गेली.

दवाखान्यात तू रोज डबा घेऊन यायचीस, हे मी विसरलेले नाही. तिथंच म्हणालीस, "सरांना रिपोर्टसाठी आकडे पाहिजेत, लॅपटॉप दे." मी दिला.

मग चौथी आणि पाचवी वेळ कुणी केली, सावनी? कशानं केली?

पहिलं नाव तुझं, दुसरं सरांचं, तिसरं माझं. इतकी वर्षं मला वाटायचं, राग फक्त नावाचा आहे. नावाचा तर आहेच. तीनशेच्या वर सायटेशन झाली त्या पेपरला, सर प्रत्येक भाषणात तो आधी दाखवतात. मुलाखतीत मला विचारलं, "यात तुमचं काम नेमकं कोणतं?" त्याच जागेवर, त्याच पेपरावर तुला घेतलं.

पण खरं ते निराळंच आहे, आणि ते लिहायला मला जड जातंय. पेपर आला त्याच आठवड्यात अब्बा गेले. तू घरी आलीस. दुपारभर अम्मीचा हात धरून बसलीस. अम्मी सांगत होती, जीभ अडखळायची तरी अब्बा येईल त्याला सांगायचे, पोरीचा पेपर येतोय, पहिलं नाव तिचंच. तू मान खाली घालून ऐकत होतीस. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं अब्बांसाठी रडतेस. तुला तेव्हा सगळं माहीत होतं.

श्रेयाचा फोन आल्यावर मी सरांना फोन केला तर म्हणाले, "अदीबा, तुझ्या यादीतून हा पेपर काढला तर राहतं काय?" आणि तू म्हणालीस, "लई जुनं झालं गं. तीनशे जणांनी वापरलाय, कुणाचं काय बिघडलं? पडला तर तुझंही नाव पडंल." त्याचं उत्तर आता देते. त्या तीनशेंतल्या बहुतेकांनी प्रस्तावनेत आपलं नाव टाकलं आणि पुढं गेले. आपल्यावर विश्वास ठेवून ज्या पोरीनं खरोखर पावडर पाण्यात टाकली, तिचंच बिघडलं.

आज सकाळी मी संपादकांना कळवलं. पहिले तीन आकडे माझे, पुढच्या दोनांची मी हमी देत नाही, पेपर मागे घ्यावा. सरांनाही तीच मेल गेली आहे. मग श्रेयाला फोन करून सांगितलं, तुझे हात बरोबर आहेत. ती म्हणाली, "मग माझं वर्ष?"

माझ्या यादीत आता दोन लहान पेपर राहतील, कुणी न वाचलेले. पुढच्या मुलाखतीला तेच घेऊन जाईन. मी काही थोर वागतेय असं समजू नकोस. रागाच्या भरात ती मेल लिहिली आहे, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

संपादक तुलाही विचारतील. सर तुला काय लिहायचं ते सांगतील. तू खरं लिहिलंस तर घरी ये, मी चहा टाकीन, मग भांडू. नाही लिहिलंस तर आमच्या दारात उभी राहू नकोस. अम्मीला मी काही सांगितलेलं नाही. ती तुला हाताला धरून आत नेईल, आणि ते मला बघवणार नाही.

अदीबा