मोटारींना घातलेलं गाऱ्हाणं

आबा, परवा भाच्याने मला पेपरातला एक लेख वाचून दाखवला. मोटारींच्या रॅलीकडे लोक का फिरकत नाहीत, गाड्या बनवणारे कारखानदार पाठ का फिरवतात, यावर मोठमोठ्या माणसांनी डोकं खाजवलं होतं. मला आधी हसू आलं आणि मग पदर डोळ्यांना लावावा लागला. त्यातलं निम्मं तुम्ही आपल्या कट्टा गावातल्या शेडमध्ये ग्रीसच्या हातांनी चहा पिता पिता सांगून बसला होतात. कोणी ऐकलं नाही ते नाहीच.

आधी तुम्ही मालवण-कुडाळ उतारूंची सर्विस मोटार चालवायचात, मग कट्ट्याला दुरुस्तीची शेड टाकलीत. गोवा मोकळा झाला आणि मुंबईच्या हौशी मोटारवाल्यांच्या एका क्लबाने गोव्यापर्यंत रॅली काढायचं ठरवलं. ती कट्ट्यावरून गेलीच पाहिजे, असा हट्ट तुम्ही धरलात. मी शाळेत शिकवत होते, इंग्रजी येत होतं, म्हणून पत्रव्यवहार तुमच्या या लेकीच्या माथी. मी लिहिते आहे आणि तुम्ही पान्याने हवेत रस्ते आखत येरझारा घालता आहात. "ही शर्यत न्हय, ह्यां लोकांका आधी सांगूक व्हयां. कोण पयलो इलो तां नाय, कोण बरोबर येळेक इलो तां बघूचा. तां कळला नाय तर लोक धूळ बघून घराक जातले." कारखानदारांना तुमचा सल्ला याहून तिखट होता. दुकानात विकता तीच गाडी आणा, आमच्या तांबड्या रस्त्यावरून आणि ओढ्यांवरच्या साकवांवरून न्या, शेवटी न धुता बाजारात उभी करा, आणि वाटेत काय मोडलं ते पाटीवर लिहा. "जो मोडलेला दाखवतलो, तेचीच गाडी लोक घेतले." मला हा शुद्ध वेडेपणा वाटला, तरी लिहिलं. क्लबाने बाकी सगळं सोडून दिलं, पण कट्ट्याला वेळ नोंदवायचं ठाणं दिलं. इथे आपापल्या ठरलेल्या मिनिटाला यायचं आणि पुढे सावंतवाडीलाही आपापल्या मिनिटाला पोचायचं; उशीर झाला की गुण कापले जायचे. एका कारखान्याने तर स्वतःची गाडी आणि स्वतःचा इंजिनियर पाठवला. ही रॅली दरवर्षी इथून जावी, एवढंच तुम्हांला आयुष्याकडून हवं होतं, असं मी तेव्हा चेष्टेने म्हणायची. ते खरंच होतं.

त्या सकाळी तोंडवलीपासून माणसं चालत आली होती. मासे विकणाऱ्या बायकांनी टोपल्या उतरवून पुढची जागा धरली होती. पहिली गाडी येते, वेळ लिहून होते, गाडी निघणार, तेवढ्यात गावचे मानकरी गावकर नारळ घेऊन पुढे होतात. आपल्याकडे नवी गाडी देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय वाट धरत नाही, आणि हे तर लांबचे पाहुणे. "बा देवा म्हाराजा, ही लांबसून इलेली लेकरां आसत. तेंची इडापिडा दूर कर रे म्हाराजा." "व्हय म्हाराजा," सगळा बाजार म्हणतो. मग सीमेवरचा देव, मग पाण्यातला, मग जो कोणी नजरचुकीने राहिला असेल तो. प्रत्येक गाडीला वेगळा नारळ, वेगळं गाऱ्हाणं, एकही देव न गाळता. सगळ्यांत मोठ्या आवाजात होकार तुमचा. अख्ख्या गावाला मिनिटाची किंमत शिकवणारे तुम्ही हात जोडून उभे होतात, आणि मागे गाड्यांची रांग लागली होती. पाहुणे बिचारे सभ्य, तेही हात जोडून, डोळे मात्र घड्याळावर. कारखान्याची गाडी आली तेव्हा तुम्ही गावकरांच्या कानात सांगितलंत, "हेंका जरा सावकाश घाला."

शेवटची गाडी गेल्यावर क्लबाचा अधिकारी तुमच्यासमोर येऊन इंग्रजीत बोलला. तुम्ही माझ्याकडे वळलात. "काय म्हणता गो तो?"

"खूश झालो म्हणता," मी म्हटलं. "फुडल्या वर्साक परत येतले."

तुम्ही त्याचा हात दोन्ही हातांत धरलात. तो म्हणाला होता, अशा गावंढळांच्या वाटेला पुन्हा कधीही येणार नाही.

त्यानंतर पाच वर्षं दर थंडीत तुम्ही त्या रस्त्याच्या उतारावरचे खड्डे चिऱ्याच्या तुकड्यांनी भरत राहिलात. एकदा जेवता जेवता थांबून म्हणालात, "गो, गाऱ्हाणां आदल्या दिसा घालूया. सगळ्या गाडयेंका मिळान एकच." म्हणजे चूक तुमची तुम्हांलाच उमगली होती, आणि ती सुधारून तुम्ही वाट बघत होतात. मी मान खाली घालून भात कालवत राहिले. पोस्टमन दिसला की विचारायचात, पत्र इलां काय. नाही म्हटलं की क्लबवाल्यांच्या बाजूने तुम्हीच कारणं शोधायचात. शेवटच्या आजारातही विचारलंत. आता तो रस्ता डांबरी झाला आहे, आणि त्यावरून कोणतीही गाडी गेली तरी मला ती बघायला नको वाटतं.

हे पत्र कोणत्या पेटीत टाकणार? घडी करून साड्यांखाली ठेवेन. तुमचं मन मोडू नये म्हणून खोटं बोलले, असं मी आईला सांगितलं, आणि इतकी वर्षं स्वतःलाही तेच सांगत आले. ते खरं नाही, आबा. त्या साहेबासमोर, तेलकट सदऱ्यात हात जोडून उभ्या असलेल्या तुमची मला लाज वाटली होती, आणि तिथून लवकर सुटायला जे वाक्य सगळ्यांत आधी सुचलं, ते मी तुम्हांला दिलं.