बार्नबी जिल्ह्याचं नाव कुणाचं

थॅडदादास धाकट्या हेस्टरचा नमस्कार.

तुम्ही दोघं बरे असाल असं धरून चालते. तुझ्या गुडघ्याचं काय झालं ते कळव, पण दोन ओळींत. मागच्या पत्रात चारही पानं गुडघाच होता. लव्हिनियावहिनींनाही नमस्कार सांग, आणि कोंबड्या अजून अंडी देत नसतील तर त्यांच्याशी बोलणं जरा कमी करा म्हणावं, कोंबड्यांनाही कंटाळा येतो. माझं म्हणशील तर मी ठणठणीत आहे. तुरुंगाच्या स्वयंपाकघरात आजारी पडायला सवड कुणाला आहे. (कैदी सध्या एकच, म्हातारा टक. शनिवारी पितो, रविवारी आत येतो, आणि माझ्या हातच्या राजम्यासाठी पुढच्या शनिवारपर्यंत हलत नाही. शेरीफ कोठडीचं दार सताड उघडं ठेवतो, तरी जात नाही. वर वारा येतो म्हणून तक्रार करतो.)

आमचा जिल्हा मोडायला निघाले होते हे तुझ्या कानावर आलं असेल. राजधानीत कुणाच्या तरी डोक्यात आलं की वायोमिंगमध्ये जिल्हे फार झाले आणि बार्नबी जिल्ह्यात तर माणसांपेक्षा हरणं जास्त, तेव्हा तो शेजारच्या हॉलिसमध्ये घालून टाकावा. हरणं जास्त आहेत हे मी नाकारत नाही. पण हरणं मोटारी चालवत नाहीत. आपल्याकडे मोटारीच्या पाटीवर आधी जिल्ह्याचा नंबर असतो हे तू ऑरेगॉनात जाऊन विसरला नसशील. समोरून आपला नंबर आला की हातातल्या स्टिअरिंगवरून नमस्काराला एक बोट उचलायचं, हॉलिसचा आला की नाही उचलायचं. उद्या आमच्याच मोटारींवर हॉलिसचा नंबर ठोकला तर माणसानं बोटाचं करायचं काय? बरं, तेही सोसलं असतं. पण जिल्हा गेला की कचेरी गेली, कचेरी गेली की तुरुंग गेला, आणि तुरुंग गेला की माझी चूल गेली. हॉलिसच्या तुरुंगात स्वयंपाकाला आधीच एक बाई आहे. ती राजम्यात साखर घालते. या वयात मला तिच्या हाताखाली कांदे चिरत बसावं लागलं असतं, आणि मी ते केलं नसतं, म्हणजे उपाशी राहिले असते. एवढी साधी गोष्ट होती.

राजधानीहून तीन माणसं चौकशीला येणार असं ठरलं. जिल्हा ठेवायचा की बुडवायचा ते त्यांच्या हातात. त्यांचा निरोप असा की जिल्ह्याला स्वतःचा म्हणून काही इतिहास असेल तर ऐकवा, आणि नाव कुणावरून पडलं तिथून सुरुवात करा. आता बाकीच्या जिल्ह्यांना हे सोपं आहे. लिंकन म्हटलं की अध्यक्ष, संपलं. हॉट स्प्रिंग्ज म्हटलं की गरम पाण्याचे झरे, पटत नसेल तर हात घालून बघा. नट्रोनाला तर जमिनीतल्या खारावरून नाव दिलंय आणि तिथली माणसं तेवढ्यावरही ताठ मानेनं फिरतात. आमच्याकडे अडचण अशी की नाव कुणाचं हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि प्रत्येकाला वेगळं ठाऊक आहे.

आपल्या घरात तर कधी शंकाच नव्हती. ते आपल्या आजोबांचं. गाडीचं चाक मोडलं म्हणून आजोबा इथे थांबले, चाक बसवायचा कंटाळा केला, म्हणून गाव झालं. पण फ्रीडा क्लॉसन (खाणावळवाली, जिच्या सफरचंदं भरून भाजलेल्या ‘पाय’चा तळ कच्चा राहतो आणि ती तो तसाच वाढते) म्हणते की बार्नबी हे तिच्या आजोबांचं खेचर. दुष्काळात त्यानं खुरानं उकरून पाणी काढलं म्हणे. लोव्हेल न्हावी म्हणतो बार्नबी हा त्याचा पणजोबा, ज्याला अस्वलानं अर्धा खाल्ला आणि उरलेल्या अर्ध्यानं वीस वर्षं दुकान चालवलं. (वरचा अर्धा की खालचा, हे लोव्हेल दर वेळी वेगळं सांगतो. गिऱ्हाईकाच्या गळ्यावर वस्तरा असताना सांगतो, त्यामुळे कुणी खोदून विचारत नाही.)

म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी शेरीफ ऑर्डेलनं सगळ्यांना कचेरीत गोळा केलं. म्हणाला, "उद्या गोष्ट एकच सांगायची. कुणाची, ते आत्ता ठरवा."

"खेचराची," फ्रीडा म्हणाली.

मी म्हटलं, "अगं, जनावराच्या नावानं कुठे जिल्हा असतो?"

"बिग हॉर्न जिल्हा काय मग? शिंगवाला मेंढाच ना?"

"मेंढा असेल, पण त्याला कुणी नावानं हाक मारत नव्हतं."

"आमचं खेचर हाकेला ओ द्यायचं. तुझ्या आजोबांसारखं नव्हतं, हेस्टर. त्यांना फक्त जेवायला बोलावलेलं ऐकू यायचं."

यावर मी काय बोलले ते इथे लिहीत नाही, वहिनी पत्र वाचतात. शेवटी शेरीफनंच मधला मार्ग काढला. बार्नबी हा रेल्वेचा मोजणीदार होता असं सांगायचं. तो आला, त्यानं जमीन मोजली, थंडीनं मेला. त्याला बायको नाही, मूल नाही, खेचर नाही. सगळ्यांनी हात वर करून कबूल केलं. मीसुद्धा केलं. आजोबा मेलेले आहेत, चूल जिवंत आहे.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. दोन पुरुष आणि त्यांच्यावर एक मिसेस प्रेंटिस म्हणून पातळ ओठांची बाई. सोबत हॉलिसचा पुढारी मिस्टर गँट, आम्हाला ताब्यात घ्यायला. सगळ्या पंचाईतीत त्याची हजेरी आधी लागते, ताटाची सोय असली की. कचेरीत मोठी खोली एकच, आणि कोठडी तिच्याच कोपऱ्यात, म्हणून टेबलं तिथेच मांडली. मी हरणाचा रस्सा केला होता, राजमा होता, गरम पाव होते. फ्रीडानं तिचा सफरचंदाचा ‘पाय’ आणला होता, त्याला माझा इलाज नव्हता. सगळे जेवायला बसले आणि शेरीफनं गोष्ट सांगितली. इतकी चांगली सांगितली की मलाच त्या मोजणीदाराचं वाईट वाटायला लागलं. बर्फात बसून शेवटची काठी रोवतो वगैरे, हे आदल्या दिवशी ठरलंच नव्हतं. मिसेस प्रेंटिसनी डोळे पुसले. जिल्हा वाचला असं मी मनात म्हणत होते, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "बिचारा. आणि त्याच्यामागे कुणीच उरलं नाही?"

मी फ्रीडाकडे बघितलं. तिचा चेहरा लाल होत चालला होता.

"खेचर उरलं," फ्रीडा म्हणाली.

मग मी तरी का गप्प बसू? हातात रश्श्याचा डाव होता तसाच घेऊन मी उभी राहिले आणि आजोबांचं चाक पहिल्यापासून सांगायला लागले. हात हलवल्याशिवाय मला सांगता येत नाही, तुला माहीत आहे, त्यामुळे पाहुण्यांपैकी एकाच्या टोपीत बराच रस्सा गेला. (टोपी मांडीवर होती. डोक्यावर असती तर वाईट झालं असतं.) तिकडे लोव्हेल खुर्चीवर चढून अस्वलानं कुठून कुठपर्यंत खाल्लं ते स्वतःच्या अंगावर दाखवत होता. शेरीफ शिट्टी फुंकत होता. इतक्यात टक कोठडीतून चालत बाहेर आला, टेबलाशी बसला आणि म्हणाला, "सगळे खोटं बोलताय. बार्नबी मीच."

"मेल्या, तू जन्मलास तेव्हा जिल्हा दहा वर्षांचा होता," फ्रीडा म्हणाली.

"मला यायला उशीर झाला," टक म्हणाला, आणि त्यानं तिच्या ‘पाय’ची थाळी पुढे ओढली. फ्रीडानं परत ओढली. मध्ये लोव्हेलची खुर्ची होती. थाळी जमिनीवर गेली, लोव्हेल थाळीवर गेला, आणि त्याचा खालचा अर्धा सफरचंदानं माखला.

मिसेस प्रेंटिसनी सगळं शांतपणे बघितलं. मग वळून म्हणाल्या, "मिस्टर गँट, हॉलिस या लोकांना सामावून घ्यायला तयार आहे ना?"

गँटचा चमचा तोंडाशी थांबला. "हे सगळे आमच्या कचेरीत येणार?"

"हो."

"कायमचे?"

"जिल्हा एक झाल्यावर कायमचेच."

त्यानं चमचा खाली ठेवला. "बाई, आमचा जिल्हा एका बँकवाल्याच्या नावाचा आहे. तो माणूस जन्मात इकडे फिरकला नाही, म्हणून आमच्याकडे शांतता आहे. ती राहू द्या." एवढं बोलून त्यानं राजमा आणखी वाढून घेतला, उभ्यानंच संपवला, आणि उजेड असतानाच मोटार काढून निघून गेला. घ्यायलाच कुणी नाही म्हटल्यावर राजधानीवाले तरी आम्हाला ढकलणार कुठे? गेल्या आठवड्यात निकाल आला. जिल्हा राहिला, नंबर राहिला, चूल राहिली. बातमी ऐकून मी आणि फ्रीडानं भर रस्त्यात एकमेकींना मिठी मारली आणि लगेच सोडली.

बाकी सगळं नेहमीसारखं. राजमा तळाला लागायच्या आत आवरतं घेते. वहिनींना विचारलं म्हणून सांग, कोंबड्यांना नको.

तुझी बहीण
हेस्टर

ता. क. – एक राहिलंच. पुन्हा असा घोळ नको म्हणून कचेरीच्या दारात बार्नबीची तसबीर लावायचं ठरलंय. जो आधी आणील त्याची लागेल आणि मग कायमची राहील. फ्रीडाला कुठूनसं एका खेचराचं छायाचित्र मिळालंय, चौकट करायला टाकलंय. आजोबांचं एकही नाही, ते कॅमेरा दिसला की गोठ्यात जायचे. तुमच्या बैठकीत वहिनींच्या वडिलांची ती मोठी तसबीर आहे ना, छातीपर्यंत दाढीवाली, ती चौकटीसकट पाठवून दे. पत्र लिहिलं ते त्यासाठीच. वहिनींना काय सांगायचं ते तू बघ. आजोबांना बघितलेली इथे आता एक फ्रीडाच उरली आहे, आणि तिचं कोण ऐकतो.

ता. क. दुसरा – आजोबांचं नाव बार्नबीच होतं ना? आपण आजोबा म्हणायचो आणि आजी जन्मभर 'ऐकलं का' म्हणायची. नसलं तर कळवू नकोस. तसबीर तेवढी लवकर पाठव.